दुसरा ब्रेक

“गाडी कोण चालवत होतं?” विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं.

“आई,” मुलगा म्हणाला. जराही अडखळला नाही. मानेला पट्टा होता, त्यामुळे आईकडे वळून बघायचा प्रश्नच नव्हता.

आई कोर्टात मागच्या बाकावर बसली होती. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या या बाईंना सगळं शहर ‘ब्रेकबाई’ म्हणायचं. शिकणारा स्टिअरिंगवर, बाई शेजारी, आणि बाईंच्या पायाखाली स्कूलच्या गाडीतला तो दुसरा ब्रेक. शिकणाऱ्याला घाम फुटायचा, बाई खुशाल गाणं गुणगुणायच्या. तीस वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही. मुलालाही त्यांनीच शिकवलं होतं.

त्या दिवशी मात्र घरची गाडी होती. मुलाच्या एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात फोन. वळणावर भिंत अंगावर आली आणि शेजारी बसलेल्या बाईंचा उजवा पाय सवयीने, सगळ्या ताकदीनिशी खाली गेला. घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता. नुसत्या पत्र्यावर रोवलेल्या त्या ताठ पायाचा टाचेपासून गुडघ्यापर्यंत चुरा झाला.

पोलीस आले तोवर लोकांनी दोघांनाही रस्त्याच्या कडेला आणून बसवलं होतं. मुलगा कानाशी लागला. “आई, माझं लायसन्स मागच्याच महिन्यात जप्त झालंय. आता आत टाकतील गं मला.”

“मी चालवत होते,” बाईंनी पोलिसाला सांगून टाकलं. पायाचं हाड बाहेर आलं होतं, तरी मुलगा वाचला याचंच त्यांना बरं वाटलं.

मग स्कूलचा परवाना गेला. अपघात करणारी स्वतःच, तेव्हा तिच्या पायाला भरपाई कसली? आणि एके दिवशी मुलाने आपल्या मानेसाठी दावा ठोकला. तो शेजारी बसलेला बिचारा प्रवासी, आणि आई निष्काळजी चालक.

“अगं, नुसतं कागदावर तुझं नाव,” तो म्हणाला. “द्यायचे ते कंपनी देणार. तू कशाला मनाला लावून घेतेस?”

बाईंनी तेही पोटात घातलं. त्यांना एकच हवं होतं. कधीतरी, दोघंच असताना, त्याने म्हणावं, ‘आई, चुकलो.’ बस्स. दहा महिने झाले. तो औषधं आणायचा, उशी सारखी करायचा, गप्पाही मारायचा. ते तेवढं सोडून सगळं बोलायचा. खटला संपायची वाट बघत असेल, बाई स्वतःची समजूत घालायच्या.

कंपनीचा वकील चांगला मुरलेला होता. बाईंना साक्षीला बोलावलं, खुर्ची दिली आणि आवाज अगदी मऊ केला.

“बाई, माझ्या बायकोला तुम्हीच शिकवलंत. तुमच्या हातून हे व्हायचं नाही. मुलगा चालवत होता ना?”

बाईंच्या अगदी ओठांवर आलं. एक ‘हो’ म्हटलं की गेलेली अब्रू परत येणार होती. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो नखं बघत होता.

“मीच चालवत होते,” त्या म्हणाल्या. “पाय बघा ना माझा. ब्रेक दाबताना मोडलाय.”

डॉक्टरांच्या अहवालातही तेच लिहिलं होतं. वकिलाने फाइल मिटली. दावा मुलाने जिंकल्यात जमा होता.

बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये आता दोघंच होती. मुलाने आधी मानेचा पट्टा काढून पिशवीत कोंबला आणि मान दोन्ही बाजूंना मोकळी करून घेतली. मग कुबड्या आईच्या काखेत नीट बसवल्या. तिचा खांदा धरून तो तसाच थांबला. त्याचे डोळे भरून आले होते, अगदी खरोखरचे. बाईंचा जीव गोळा झाला. आता बोलेल, त्यांना वाटलं.

“आई,” तो हळूच म्हणाला, “तू जरा जपून चालवायला हवं होतंस गं.”