मधली काळी रेघ

धोंडीबा बाकड्याच्या एका टोकाला बसले आणि तुळजाबाई दुसऱ्या टोकाला. मध्ये आणखी दोघं आरामात मावली असती. नागोरावने नव्या कॅमेऱ्याला डोळा लावून पाहिलं आणि डोकं वर काढलं.

"मामा, जरा मामीकडे सरका नं."

"इथंच बरं हाय." धोंडीबांनी फेटा नीट केला आणि ते समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिले, जणू फोटो झाडाचाच निघणार होता.

कॅमेरा नवा म्हणजे नागोरावला नवा. मंचेरियलच्या खाणीतल्या एका साहेबाने बदली झाली म्हणून तो विकायला काढला होता. नागोरावने आपला जुना हाफ फ्रेम कॅमेरा विकला, वर सायकल विकली, तेव्हा कुठे हा फुल फ्रेमवाला हाती आला. फ्लॅश मात्र घ्यायचा राहिला. तो आता पुढच्या कापसाला, म्हणजे लोकांच्या घरी कापूस येईल आणि लग्नं निघतील तेव्हा. तोवर सारी भिस्त उन्हावर, आणि ऊन तर अंगण सोडून कुंपणाकडे निघालं होतं. तरी गडी खुशीत होता. सायकल गेल्यामुळे तो पायी आला होता, आणि गळ्यातला कॅमेरा वाटेत भेटेल त्याला थांबवून दाखवत आला होता.

जुन्या कॅमेऱ्यात एका फोटोच्या जागेत दोन फोटो निघत. गावाला ते फार सोयीचं होतं. आधी नवऱ्याला उभं करायचं, तो बाजूला झाला की बायकोला. मग आदिलाबादेहून दोघं एकाच कागदावर छापून यायची. खर्च एकाचा, आणि चारचौघांत शेजारी उभं राहायची लाजही नाही. फक्त मध्ये एक काळी रेघ यायची.

तुळजाबाईंच्या घरातल्या एकूण एक फोटोत ती रेघ होती. लेक निर्मल गावी दिलेली. तिच्या सासरी भिंतीवर लावलेला या दोघांचा फोटो दाखवून विहिणीने एकदा विचारलं होतं, "घरात मधोमध भिंत घातली का हो तुमी?" सगळे हसले, तुळजाबाईही हसल्या. पण परत आल्यावर त्यांनी नागोरावला बोलावून घेतलं.

"आमच्या दोघाईचा एक फोटो पाह्यजे मले. बिनरेघेचा."

"त्याले मोठा क्यामेरा लागते मामी."

"मंग घे नं."

त्याने घेतला. आणि घेतल्यावर पहिला इथेच आला.

आता पंचाईत धोंडीबांची होती. दारात थोरली सून भागीरथा उभी होती, कुंपणापलीकडे शेजारणी जमल्या होत्या, आणि उभ्या जन्मात ते बायकोला खेटून बसले नव्हते. बैलगाडीत सुद्धा ते पुढे धुरेवर आणि तुळजाबाई मागे कडब्यावर.

"मामा, रेघ मी मिटवली," नागोराव म्हणाला, "आता तुमी काऊन तिच्यासाठी जागा सोडून राह्यले?"

कुंपणापलीकडे हशा पिकला. धोंडीबा झटक्यात उठले.

"मले बैलाईले पाणी दाखवाचं हाय. हिचा एकलीचा काढ."

तुळजाबाईंचा चेहरा उतरला. नवं हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, सकाळपासूनची तयारी. त्यांनी मांडीवरचा पदर बोटाला गुंडाळला.

"एकलीचे लय झाले," त्या खाली बघत म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. राग असता तर धोंडीबा बैलांकडे निघून गेले असते. ते दोन पावलांवरच थांबले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "भागीरथा, आत जाय. दुधाकडे पाह्य."

"दूध तर कवाचंच उतरवलं मामाजी."

"तरी पाह्य."

भागीरथा आत गेली आणि खिडकीशी येऊन उभी राहिली. धोंडीबा बसले. या वेळी टोकाला नाही, अगदी तुळजाबाईंच्या शेजारी. बाकडं कुरकुरलं. खांद्याला खांदा लागला तशा तुळजाबाई किंचित दचकल्या, पण सरकल्या नाहीत. त्यांनी मान ताठ धरली, ओठ घट्ट मिटले, आणि तरीही हसू काही आवरेना. धोंडीबांचे कान लाल झाले होते. कुंपणापलीकडे आता कोणीच हसत नव्हतं.

नागोरावने खटका दाबला. साहेबाच्या कॅमेऱ्याचा आवाज चांगला दणदणीत होता. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

फोटो झकास निघाला होता, हे नागोरावला धुवायच्या आधीच कळलं. इतका आनंद त्याला कॅमेरा हातात आला त्या दिवशीही झाला नव्हता. त्याने मान वर केली. धोंडीबांनी उठायला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले होते. तुळजाबाई मात्र अजून तशाच बसल्या होत्या, खांदाही न हलवता.

"झाला का रे?" धोंडीबांनी विचारलं.

"नाई मामा, अजून व्हाचा हाय. बसा जराक." नागोरावने पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. बोट मात्र खटक्यावर ठेवलं नाही.

"अरे, पण आत्ताच वाजला नं तो?"

"त्याचा क्यामेरा त्याले समजते," तुळजाबाई समोर बघतच म्हणाल्या. "बसा गपचिप."