शोभेची मोटर

रंगकामाच्या शेडमधल्या पंख्याची मोटर जळाली, तेव्हा कारखान्याचा मालक शिवराज लॉबीत दुसऱ्याच एका मोटरीला हार घालत होता.

ती मोटर नवी कोरी. कमी विजेत तेवढंच काम करणारी. देखभाल विभागाच्या मंजुषाने भांडून मागवली होती, याच पंख्यासाठी. पण खोक्यातून निघाली ती शेडपर्यंत पोचलीच नाही. शिवराजने तिच्यासाठी ग्रॅनाइटचा ओटा बांधला, वर दिवे सोडले, शेजारी ‘आमचा ऊर्जासंकल्प’ अशी पाटी लावली. पंख्याला जुनीच राहिली. ती जळायची, उस्मानपुऱ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन नवी तार भरून यायची, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त वीज खायची. मंजुषाने विषय काढला की शिवराज म्हणायचा, “चालतीय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?”

“सर, पंखा बंद पडलाय,” मंजुषा म्हणाली. “शेडमध्ये रंगाची वाफ कोंडलीय.”

“आजच मुहूर्त सापडला का?” हाराची फुलं सारखी करत तो म्हणाला. “ही मोटर बघायला येणारे पाहुणे बिडकीनहून निघालेत. दारं उघडी टाका अन् काम चालू ठेवा. आपल्या बायांना सवय आहे.”

मंजुषाला त्याचा राग यायचा बंद होऊन बरेच दिवस झाले होते. राग यायला समोर माणूस लागतो. इथं नुसता कडक इस्त्रीचा सफारी उभा होता.

शेडमध्ये रंगकाम करणारी अनिसा तोंडावर ओढणी दाबून भिंतीला टेकली होती. “म्याडम, डोळे लई झोंबायलेत,” एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली.

मंजुषाने काम थांबवलं, सगळ्या बायांना बाहेर काढलं आणि फिटरला हाक मारली. “कडुबामामा, लॉबीतली मोटर उचलून आणा.”

कडुबा बघतच राहिला. “मालकानं इचारलं तर?”

“माझं नाव सांगा. अन् हार तिथंच राहू द्या. त्यांना लागेल.”

मोटर पंख्याला बसत आली, तसा शिवराज ओरडतच शेडमध्ये शिरला. “मॅडम, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आता पाहुण्यांना काय दाखवू मी?”

“चालणारी मोटर दाखवा. इथं आणून.”

“इथं? या वासात?” त्याने रुमाल नाकाला लावला. “मोठी माणसं आहेत ती.”

कडुबाने बटण दाबलं. पंखा फिरला. वाफ हळूहळू ओढली गेली, समोरची भिंत स्वच्छ दिसायला लागली. दारातल्या बायांनी मोकळा श्वास घेतला. शिवराजचं तिकडं लक्षच नव्हतं. तो कोपऱ्यातल्या जळक्या मोटरीकडे बघत होता.

“कडुबा,” तो म्हणाला, “हिला हिरवा रंग मार. लवकर सुकणारा. अन् ठेव ओट्यावर.”

कडुबाने मंजुषाकडे पाहिलं. “मारा मामा,” ती म्हणाली. “मालकांची हौस आहे.”

पाहुणे आले. चहा झाला, काजूकतली झाली, ऊर्जा वाचवण्यावर शिवराजचं भाषण झालं. शेडकडे कुणी फिरकलं नाही. सगळे ओट्याभोवती जमले. त्यांच्यातल्या एका टायवाल्याने मोटरीवर हळूच हात ठेवला.

“अरे वा! अगदीच गार आहे हो!”

“तेच तर वैशिष्ट्य, साहेब.”

“वीज किती खाते?”

शिवराज अडखळला. मग मागे उभ्या असलेल्या मंजुषाकडे हात करून तो गोड हसला. डोळे मात्र हसत नव्हते. “आमच्या मॅडम सांगतील. हे सगळं त्यांचंच काम.”

माना वळल्या. ताज्या रंगाखालून जळक्या तारेचा वास येत होता. तो फक्त मंजुषालाच येत असावा.

“साहेब,” ती शांतपणे म्हणाली, “ही मोटर एक युनिटसुद्धा वीज खात नाही.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी “कमाल आहे!” म्हणालं. मग टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात शिवराजने वाजवल्या.