समोरासमोर

“बाळा, शाळेत शिक्षक तुझ्याशी नेमकं कसं वागायचे?” संशोधक बाईंनी पुन्हा विचारलं. मी चौतीस वर्षांची आहे, बँकेत अधिकारी आहे. पण स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे म्हटल्यावर त्यांनी माझं बाळच करून टाकलं.

प्रश्न आधी लिहून पाठवा, असं मी कळवलं होतं. समोरासमोर बोललं की मन मोकळं होतं, हे त्यांनी परस्पर ठरवलं.

शाळा आठवली तशी माझी बोटं टेबलावर वाजू लागली. रेकॉर्डिंगमध्ये खडखड येते म्हणून बाईंनी माझा हात घट्ट दाबून धरला. “बोल ना, गप्प का झालीस?”

मी दुसऱ्या हाताने रेकॉर्डर जवळ ओढला.

“असाच हात दाबून धरायचे,” मी म्हणाले. “आणि वर विचारायचे, गप्प का झालीस.”