दुसरी निम्म्या किमतीत

“पहिला फोटो तुझा, दुसरा तुझा, तिसऱ्यातही तूच. फ्रेमच्या दुकानाची वेबसाइट आहे ना मावशी? मग फ्रेम कुठेय?”

“मी काय कमी चौकोनी आहे?” म्हणत फ्रेमवाल्या बाईंनी कापलेली काच बाजूला ठेवली आणि त्या भाचीच्या लॅपटॉपात डोकावल्या. लोकांच्या वेबसाइटी तपासायच्या आणि धड करून द्यायच्या, यावरच भाचीचं पोट होतं. मावशीचं काम मात्र एका जेवणावर.

फोन नंबर सापडेल असा वर आला. दुकानाची वेळ दुरुस्त झाली. लाकडी पट्ट्यांचे नमुने ओळीने लागले. आपल्याच दुकानाला कुणी नवा रंग देतंय आणि आपण लांब उभं राहून बघतोय, तसं बाईंना सुख वाटत होतं.

“आणि हा मेसेज गं? ऑर्डर नोंदवली की दुसऱ्या दिवशी आपोआप जातो तो?”

“तो तर माझा हुकमाचा एक्का! तूच म्हणालीस ना, चार शब्द गोड लिही?”

चार शब्द त्यांनी एका संध्याकाळी स्वतःशीच हसत जुळवले होते. ‘एकावरच थांबू नका! घरातल्या दुसऱ्या लाडक्या माणसाचीही फ्रेम करून घ्या. दुसरी निम्म्या किमतीत!’

“अगं, उत्तर आलंय की एक!”

“काय सांगतेस? वाच, वाच.”

भाचीने वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने लॅपटॉप मावशीकडे फिरवला.

‘नमस्कार. घरात आता आम्ही दोघंच. देवाच्या दयेने दोघंही बरे आहोत, तेव्हा दुसरी फ्रेम लागणार नाही. चौकशी केलीत, आभारी आहे.’

त्याखाली वेबसाइटने आपणहून उलट निरोप धाडला होता: ‘वा! तुमचं उत्तर वाचून आनंद झाला!’ शेजारी एक लाल फुगा.

कुणाचं उत्तर, हे बाईंनी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. ती फ्रेम समोरच्या टेबलावर होती, कागदात गुंडाळायची तेवढी राहिलेली. वाऱ्याने तोंडावर आलेले केस बाजूला सारत हसणारी एक तरुण मुलगी. फोटो घेऊन वडील आले होते. साधी काळी पट्टी द्या म्हणाले. बाईंनी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. या धंद्यात विचारायचं नसतंच. भिंतीवरची निम्मी माणसं कशासाठी भिंतीवर जातात, हे बाईंहून जास्त कुणाला ठाऊक? आणि तरी लिहिताना हात जरासाही अडखळला नव्हता. नकळत पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो. पण इथे नकळत म्हणायलाही तोंड नव्हतं.

“थांब, पुसून टाकते,” भाची हलकेच म्हणाली.

“इथलं पुसशील. त्यांच्या घरातलं?”

तेवढ्यात दारासमोर गाडी थांबली. वडीलच उतरले. आत आले, फ्रेमपाशी उभे राहिले.

“छान झालीय. केस तसेच ठेवलेत, बरं केलंत. दुसऱ्या कुणी कापूनकुपून नीटनेटकी केली असती. ती कधी नीटनेटकी नव्हतीच.”

बाई कागद गुंडाळायला लागल्या. चिकटपट्टी बोटांनाच चिकटायला लागली.

“भाऊ, तो मेसेज…”

“तो होय?” ते कसनुसं हसले. “अहो, हिने वाचला आणि ताटावरून उठली. उत्तरही हिनेच लिहिलं. काही ऐकेना. मग मी समजावलं, अगं, मशीन असतं ते. माणूस कशाला असं लिहील? तेव्हा कुठे दोन घास पोटात गेले.”

भाची मावशीकडे बघत राहिली. सुटायची वाट चालत दुकानात आली होती. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. बाईंच्या ओठांपर्यंत ते आलंही होतं.

“पाठवला मशीनने,” त्या म्हणाल्या. “लिहिला मी.”

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गुंडाळलेल्या फ्रेमवरून एकदा हात फिरवला, जिथे चेहरा असेल तिथे.

“बरं,” ते म्हणाले. “हिला नका सांगू. हिच्यापुरतं ते मशीनच राहू दे.”

फ्रेम त्यांना उचलू न देता बाईंनी स्वतःच गाडीपर्यंत नेली. मागच्या सीटवर आई बसली होती. तिने फ्रेम मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी कवळली. मग वर पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, खिडकीतून हात काढून तिने बाईंचं मनगट धरलं.

“त्या मेसेजचं मनाला लावून घेतलंत वाटतं? नका हो ताई. मशीनच ते. त्याला कुठे आपल्यासारखं काळीज असतं?”

“नाही ना,” बाई म्हणाल्या.