शीर्षकाआधीची शांतता

"शर्वरी, दार ढकल गं! गिझरचा गॅस कोंडलाय, कडी अडकलीय!" बाथरूममधून खांबेटे ओरडले.

"शी! पुन्हा ट्रेलर," बाहेर त्यांची मुलगी वैतागली.

भुताच्या सिनेमांचे ट्रेलर आता घराच्या भिंतींतल्या स्पीकरमधून, घरच्याच माणसांच्या आवाजात यायचे. खांबेटे स्वतः असे ट्रेलर जुळवायचं काम करायचे. दारावर थापा, किंकाळी, मग अचानक शांतता. आणि ती लांबली की कानठळ्या बसवणारा दणका आणि सिनेमाचं शीर्षक.

म्हणजे ओरडून उपयोग नव्हता. ट्रेलरमध्ये कधीच नसतं असं काहीतरी कंटाळवाणं, न थांबता बोलायला हवं होतं. डोकं गरगरत होतं. दाराला टेकून ते बोलू लागले.

"दूध तापवून ठेव. दोडका आणलाय, तुला आवडत नाही, माहितेय मला. आत्याला फोन करायचा राहिलाय, तिचा गुडघा पुन्हा सुजलाय..."

पावलं दाराशी आली.

"बाबा? खरंच तू आहेस?"

हो म्हणायला त्यांनी श्वास घेतला. तो पुरला नाही. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

बाहेर शर्वरीचा हात दारापाशी थबकला. शांतता लांबत गेली.

मग तिने दोन्ही कान घट्ट झाकले आणि दणक्याची वाट बघत मागे सरकली.