आधी साहेबांचं कुलूप

कंपनीच्या हिंजवडीच्या सेंटरमध्ये क्वांटम यंत्र बसलं आणि त्याच आठवड्यात परदेशातल्या हेड ऑफिसचा हुकूम आला. कर्मचाऱ्यांनी एकमेकांना पाठवलेले जुने खासगी निरोप उघडा आणि युनियनची भाषा कोण करतं ते कळवा. निरोपांना संकेतांची कुलपं होती, पण या यंत्रापुढे त्यांचं काही चालणार नव्हतं.

सेंटरप्रमुख शर्वाणी बेहेरे व्हिडिओ कॉलला बसली. पडद्यावर हेड ऑफिसचे कार्टर साहेब कॉफी ढवळत होते.

"काम सुरू झालं?" त्यांनी विचारलं.

"आधी चाचणी," शर्वाणी म्हणाली. "नवं काहीही आलं की ज्यानं मागवलं त्याच्याच माहितीवर पहिल्यांदा चालवायचं, हा तुमचाच नियम. म्हणून चाचणीला तुमचे निरोप घेतलेत. अगदी पहिल्यापासूनचे."

चमचा थांबला.

"तो नियम पगाराच्या सॉफ्टवेअरसाठी होता."

"नियमात तसं म्हटलेलं नाही. तुमचे उघडायचे नसतील तर माझ्या माणसांचेही उघडणार नाहीत. मला काढायचं तर खुशाल काढा. माझ्या जागी जो येईल, तोही सुरुवात तुमच्यापासूनच करेल. इथं सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय मी."

साहेबांनी कप बाजूला सारला. मग हुकूम मागे घेतला आणि पडदा काळा झाला.

शेजारी बसलेल्या इम्रानला राहवेना. "मॅडम, काय होतं हो त्यांच्या निरोपांत?"

"मला काय माहीत," लॅपटॉप मिटत शर्वाणी म्हणाली. "यंत्र अजून सुरूच केलेलं नाही."