चौथा उतारा

सरावाची वेळ संपली तशी तिने पेन्सिल खाली ठेवली आणि मागच्या पानावरची उत्तरं पाहिली. पाचपैकी दोन बरोबर. उतारा जहाजांच्या मालवाहतुकीवर होता. सुटे सुटे शब्द तिला जवळजवळ सगळे येत होते. पण ते ओळीत उभे राहिले की तिच्याशी बोलेनासे होत.

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेला ती दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा इंग्रजी उताऱ्यांनीच घात केला होता. प्राणिशास्त्राच्या पेपरात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. पण इंग्रजी वाचनात वेगळं पास व्हावं लागे, आणि तिथेच गाडी अडायची. यंदा शेवटची संधी होती. या परीक्षेला तीनदाच बसता येत असे.

ती भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायची. खालून जेवायची हाक आली की जायची, जेवायची, ताट उचलायची आणि वर यायची. कोणी तिला दुखावत नसे. कोणी थांबवतही नसे.

घरामागच्या दगडी भिंतीत गोगलगायी राहत. अंधारात त्या चरायला निघत आणि उजाडायच्या आत जी ती नेमकी आपल्याच भेगेत परत येई. हे तिला अगदी सहज दिसलं होतं, एकीच्या शंखाचा टवका उडालेला होता म्हणून. मग तिने नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या आणि प्रत्येकीच्या शंखावर वेगळ्या रंगाचा ठिपका दिला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने नेलपॉलिश विकत घेतलं होतं. दुकानदारीण म्हणाली, "ताई, हा गुलाबी तुमच्या हाताला शोभेल," आणि तिने मुकाट्याने गुलाबीही घेतला.

त्या वाट कशी ओळखतात? अकरा वर्षं तिला हा एकच प्रश्न लागला होता. पहाटे बॅटरी घेऊन ती भिंतीशी उकिडवी बसायची. सुरुवातीला तिने घरात उत्साहाने सांगितलंही. वहिनी म्हणाली, "अहो ताई, घर पाठीवर घेऊन फिरतात, मग त्यांना परत यायची एवढी कसली घाई?" सगळे हसले. तीही हसली. तो विषय घरात तिथेच संपला. भाऊ अधूनमधून विचारायचा, "काय गं, तुझी गुरं बरी आहेत ना?" शाळेत तिचं नाव गोगलबाई पडलं होतं. प्रेमानेच पडलं होतं, पण त्यापुढे कोणी काही विचारलं नाही.

परदेशी शिकणारी पुतणी तेवढी रविवारी फोनवर उतारे कसे सोडवायचे ते सांगायची.

"आत्या, तू फार गुंततेस गं. आधी प्रश्न वाच. मग उताऱ्यात उत्तर शोध, उचल आणि पुढे हो. गोष्टीचं पुस्तक आहे का ते, रमायला?"

"बरं. अगं, आज सकाळी ना, ती निळ्या ठिपक्याची..."

"आत्या, ठेवू? मैत्रिणी थांबल्यात खाली."

"ठेव, ठेव."

परीक्षेच्या दिवशी पहिले तीन उतारे नेहमीसारखेच गेले. एक बँकांवर होता, एक जुन्या पुलावर, तिसरा कशावर होता ते तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. चौथ्याचे प्रश्न तिने आधी वाचले. पहिल्याच प्रश्नात गोगलगाय होती. आपण चुकीचं वाचतोय असं वाटून तिने चष्मा पुसला.

उतारा एका दूरदेशीच्या बाईवर होता. तिच्या बागेच्या भिंतीत गोगलगायी होत्या. त्यांच्या शंखांवर रंगाचे ठिपके देऊन तिने वर्षानुवर्षं एकटीने नोंदी केल्या होत्या. प्रत्येक गोगलगाय आपल्याच मागे सुटलेल्या चिकट रेषेचा वास ओळखते आणि त्या वासावर घरी येते, हे तिने सिद्ध केलं होतं.

हेच तर तिला मांडायचं होतं. अकरा वर्षं पाण्यात गेली होती. आता संशोधन कसलं करायचं, आणि पास तरी कशासाठी व्हायचं? तिने पेन्सिल आडवी ठेवली.

पण डोळे पुढे सरकतच होते. पहिल्या पावसाळ्यात त्या बाईचे सगळे ठिपके धुऊन गेले होते. हिचेही गेले होते. शेजारी त्या बाईला हसायचे. घरी पाहुणे आले तरी ती भिंतीपाशीच असायची, आणि एकदा तर स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला उशिरा पोहोचली, कारण एक गोगलगाय अजून परत यायची होती.

तिला खुदकन हसू आलं. घड्याळाकडे न बघता तिने उतारा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. एकही शब्द अडला नाही. मग तिने पेन्सिल उचलली आणि कोणी आपलीच विचारपूस करत असावं तशी पाचही उत्तरं भराभर देऊन टाकली.

पर्यवेक्षक बाकांमधून फिरत तिच्यापाशी येऊन थांबले. वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, बरं वाटत नाहीये का? पाणी मागवू?"

तिने गालाला हात लावला. गाल ओला होता.

"नको, बरी आहे मी," ती म्हणाली. "अचानक ओळखीचं माणूस भेटलं ना, म्हणून."